फॉलोअर मिळवायचे कुठे, टिकवायचे कुठे? इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब आणि ई-मेल यांची तुलना

स्वतःचं छोटं काम असलेल्या माणसाकडे सोशल मीडियासाठी दिवसाला फार तर एखादा तास असतो. तो तास चार ठिकाणी वाटला की कुठेच धड काही होत नाही, त्यामुळे निवड करावीच लागते. ही निवड बहुतेक जण पोहोच बघून करतात: कुठे व्ह्यूज जास्त, कुठे फॉलोअर भराभर वाढतात. मी इथे वेगळा निकष लावते आहे. अनोळखी माणसाला तुमच्याबद्दल भरवसा वाटायला लागणं, तो टिकणं आणि काही बिनसलं तर पुन्हा बसवता येणं, हे कुठे जमतं?

त्यासाठी प्रत्येक ठिकाणाला चार प्रश्न विचारायचे. तुमचं म्हणणं फॉलोअरपर्यंत खरंच पोहोचतं का? त्याला उलट बोलता येतं का? तुम्ही एकाला दिलेलं उत्तर बाकीच्यांना दिसतं का? आणि उद्या खातं गेलं तर तुमच्या हातात काय उरतं? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मी मात्र सगळ्यात जास्त वजन त्यालाच देते, कारण फॉलोअरपैकी स्वतःहून बोलणारे थोडे असतात. बाकीचे नुसते वाचत असतात आणि तुम्ही दुसऱ्याशी कसं वागता यावरून स्वतःचं मत बनवत असतात.

इन्स्टाग्राम: ओळख पटकन, पण उत्तरं दारामागे

इन्स्टाग्रामवर २०१६पर्यंत पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसायच्या. त्यानंतर कोणाला काय दाखवायचं हे अल्गोरिदम, म्हणजे अ‍ॅपचं आपोआप निवड करणारं गणित, ठरवायला लागला. २०२२मध्ये ‘फॉलोइंग’ हा वेळेच्या क्रमाचा पर्याय परत आला, पण तो वापरणाऱ्याने दर वेळी स्वतः निवडावा लागतो. म्हणजे दहा हजार फॉलोअर आहेत म्हणून पोस्ट दहा हजारांना दिसली, असं होत नाही. रील मुख्यतः अनोळखी लोकांकडे जाते, स्टोरी मुख्यतः आधीपासून जोडलेल्यांकडे. वेळ कमी असेल तर फॉलोअर हजार-दोन हजार झाल्यावर मी रीलमधला निम्मा वेळ काढून स्टोरीला द्यायला सांगते. रोजचं काम, अर्धवट राहिलेली वस्तू, आज का उशीर झाला, हे स्टोरीत सांगता येतं आणि लोक त्यावरच बोलायला लागतात.

कॅमेऱ्याकडे बघून बोलणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला ओळखीचं का वाटतं, हा प्रश्न जुना आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६मध्ये टीव्ही-रेडिओच्या निवेदकांबद्दल हेच लिहिलं होतं: प्रेक्षकाला वाटतं की हा माणूस माझ्याशीच बोलतोय, पण नातं एकतर्फी असतं. टीव्हीवरच्या निवेदकाला प्रेक्षक लगेच उलट काही विचारू शकत नव्हता, म्हणून ते एकतर्फीपण खुपत नव्हतं. इथे तो विचारू शकतो. स्टोरीत ‘मला नक्की लिहा’ म्हणायचं आणि लिहिलेल्याला उत्तर द्यायचं नाही, याने जेवढा भरवसा जातो तेवढा महिनाभर पोस्ट न टाकल्याने जात नाही. त्यात एक तांत्रिक अडचण आहे. ज्यांना तुम्ही फॉलो करत नाही, त्यांचे मेसेज ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतात आणि नवा ग्राहक नेमका त्यांच्यातलाच असतो. ते फोल्डर रोज उघडायची सवय नसेल, तर इन्स्टाग्राम हे संबंध जोडण्याचं ठिकाण म्हणून धरू नका.

तिसऱ्या प्रश्नावर इन्स्टाग्राम मध्यम आहे. कमेंटमधलं उत्तर सगळ्यांना दिसतं, पण खरी विचारपूस डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, चालते आणि तिथेच गडप होते. यावर चांगला उपाय म्हणजे प्रश्नांचं स्टिकर, म्हणजे स्टोरीतली प्रश्न लिहायची चौकट. विचारणाऱ्याचं नाव न दाखवता प्रश्न आणि उत्तर स्टोरीत टाकता येतं, आणि ती स्टोरी हायलाइटमध्ये ठेवली की चोवीस तासांनंतरही राहते. ‘कमेंटमध्ये लिंक असं लिहा, डीएममध्ये पाठवते’ हा प्रकार मात्र मी टाळायला सांगते. त्याने कमेंटचा आकडा फुगतो, पण दोनशे वेळा ‘लिंक’ लिहिलेल्या रांगेत एखादीने विचारलेला खरा प्रश्न कुणालाच सापडत नाही, तुम्हालाही नाही.

व्हॉट्सअ‍ॅप: जवळीक सर्वात जास्त, जबाबदारीही

व्हॉट्सअ‍ॅपवर चार वेगळ्या सोयी आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्याने बरेच घोटाळे होतात. ग्रुपमध्ये १०२४पर्यंत सदस्य घेता येतात, सगळे बोलू शकतात आणि सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्टमधून २५६ जणांना एकदम मेसेज जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मिळतो. २०२३मध्ये आलेल्या चॅनेलवर फॉलोअरचा नंबर इतर फॉलोअरना दिसत नाही आणि संख्येचं बंधन नाही, पण तिथे फक्त तुम्ही बोलता. समोरचा इमोजी देऊ शकतो, पोलमध्ये मत देऊ शकतो, पण स्वतःहून काही विचारू शकत नाही. चौथी सोय म्हणजे बिझनेस अ‍ॅप, २०१८पासूनचं. लेबलं आणि ठरावीक उत्तरं यांमुळे एकेकाशी बोलणं त्यात सोपं होतं.

भरवशासाठी यातलं काय निवडावं? माझं मत ठाम आहे: सदस्य शे-दीडशेच्या आत असतील तर ग्रुप, त्यापुढे बिझनेस अ‍ॅपवर एकेकाशी संवाद. चॅनेल सूचनाफलक म्हणून उत्तम आहे. उद्याची बॅच रद्द, नवा माल आला, एवढं कळवायला त्याहून सोपं काही नाही. पण ज्याला विचारताच येत नाही त्याच्याशी नातं जुळत नाही, आणि हजारो फॉलोअर दिसल्यावर हे विसरायला होतं.

ग्रुपचं बळ असं की एकीने विचारलं, ‘कुर्ता धुतल्यावर आटेल का?’, तर उत्तर शंभर जणी वाचतात, आणि आधी घेतलेली एखादी तुमच्याआधीच सांगून टाकते, ‘माझा सहा महिने झाले, काही झालं नाही.’ तुम्ही स्वतः कितीही जाहिरात केलीत तरी या एका वाक्याची बरोबरी होणार नाही. धोका असा की ग्रुपमधले नंबर उचलून दुसराच कुणी सदस्यांना आपला माल विकायला लागतो, आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटतं. ग्रुपच्या माहितीत पहिल्याच ओळीत नियम लिहा आणि पहिल्यांदा मोडला त्याच दिवशी त्या माणसाला काढा. न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये ओढू नका. घरच्यांच्या मेसेजच्या शेजारी तुमचा मेसेज येऊन बसतो, तिथे येण्याची परवानगी त्यांनी दिलेली असायला हवी.

एकच तक्रार, चार ठिकाणी

नुसत्या सोयी-गैरसोयींपेक्षा एक प्रसंग घेऊन बघू. समजा तुम्ही कापडी पिशव्या शिवून विकता. एकीने लिहिलं: ‘पार्सल आलं. फोटोत गडद निळा होता, हातात आला तो फिका. तीन दिवस मेसेज करतेय, उत्तर नाही.’

इन्स्टाग्रामवर हे पोस्टखाली येतं. सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘डिअर, डीएम चेक करा’. आता हे त्या पोस्टवर आलेल्या तिसऱ्या माणसाच्या नजरेने वाचा. त्याला तक्रार पूर्ण दिसली, उत्तर काहीच दिसलं नाही. कमेंट पुसून टाकली तर ती बाई दुसऱ्या पोस्टखाली लिहील, ‘माझी कमेंट काढली’, आणि तेव्हा सावरणं फार अवघड जातं. त्याऐवजी असं लिहा: ‘फोटो संध्याकाळी काढला होता, म्हणून रंग गडद आलाय. उत्तराला उशीर झाला तोही माझ्याकडूनच. पिशवी परत घेते, पैसे उद्या पाठवते. दिवसाच्या उजेडातला फोटो आज टाकते.’ पत्ता आणि खात्याचा तपशील तेवढा डीएममध्ये. आणि दोन दिवसांनी त्याच कमेंटखाली परत यायचं: ‘पैसे पोचले का?’ ही शेवटची पायरी जवळपास सगळेच गाळतात. पण तिनेच वाचणाऱ्याला कळतं की गोष्ट तडीस गेली.

ग्रुपमध्ये हीच तक्रार पाच मिनिटांत पेटते. ‘माझीपण तशीच’ असे दोन मेसेज लगोलग येतात. तुम्ही तासाभरात तिथे हजर असाल तर निभावता येतं, कारण आधीचे समाधानी ग्राहकही तिथेच असतात. दिवसभर फोन बघता येत नसेल, तर ग्रुप तुमच्यासाठी नाही. चॅनेलवर तिला लिहिताच येत नाही, म्हणून ती दुसऱ्या कुठल्या तरी उघड ठिकाणी जाऊन लिहिते. ई-मेलवर तक्रार फक्त तुम्हाला दिसते. निवांत सोडवता येते, पण तुम्ही ती किती चांगली सोडवलीत हेही कुणाला कळत नाही.

यूट्यूब: सावकाश, पण मुरणारं

शिकवणाऱ्या, समजावून सांगणाऱ्या, दुरुस्ती करून दाखवणाऱ्या माणसाने माझ्या मते पहिला विचार यूट्यूबचा करावा. लोक इथे शोधत येतात. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आज कुणाची तरी अडचण सोडवतो, आणि त्याखाली तुम्ही तेव्हा दिलेलं उत्तरही त्याच्या कामी येतं. तिसऱ्या प्रश्नावर या यादीत यूट्यूब सर्वांत वर आहे. नोव्हेंबर २०२१पासून डिसलाइकचा आकडा प्रेक्षकाला दिसत नाही, त्यामुळे सांगितलेलं खरं आहे का हे पडताळायला तो कमेंटच वाचतो. व्हिडिओत काही चुकीचं सांगितलं गेलं असेल तर दुरुस्ती स्वतःच्या कमेंटमध्ये लिहून ती पिन करा, म्हणजे ती सगळ्यांत वर राहते. व्हिडिओ गुपचूप काढून टाकण्यापेक्षा याने मान वाढतो.

उणी बाजू मेहनतीची. नीट व्हिडिओला दिवस जातात, आणि सबस्क्राइब केलेल्या प्रत्येकाला नवा व्हिडिओ दिसेलच असं नाही. तिथे ओळख व्हायला महिने लागतात.

फेसबुक पेजबद्दल थोडक्यात. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने फीडमध्ये मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य दिलं आणि पेजची फुकट पोहोच आटली. पेज पत्त्यापुरतं ठेवा. विषयाला धरून चालणारा फेसबुक ग्रुप मात्र अजूनही चालतो, विशेषतः जिथे सदस्य एकमेकांना मदत करतात.

ई-मेल: आकर्षक नाही, पण स्वतःचं

४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांचा सगळा संपर्क या तीनच ठिकाणी होता, त्यांना ‘आम्ही आहोत’ एवढंही कळवायची सोय उरली नाही. गूगल प्लस २०१९मध्ये कायमचं बंद झालं, तेव्हा तिथे जमवलेले फॉलोअर कुणालाच उचलून नेता आले नाहीत. चौथ्या प्रश्नावर म्हणूनच ई-मेलशी कुणाची बरोबरी नाही: पत्त्यांची यादी तुमची, ई-मेलची सेवा देणारी कंपनी बदलली तरी तुमचीच.

पण ई-मेलने नवे लोक मिळत नाहीत. किती जणांनी उघडलं हा आकडाही २०२१पासून, अ‍ॅपलने मेलमध्ये गोपनीयतेची नवी सोय आणल्यावर, भरवशाचा राहिलेला नाही. किती जणांनी उलट लिहिलं ते मोजा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय देणं बंधनकारक केलं. तुम्ही लहान असलात तरी ही सोय द्या. बाहेर पडणं सोपं आहे हे दिसलं की माणूस आत यायला कचरत नाही.

पैसे घेऊन केलेल्या शिफारशीच्या बाबतीतही फरक आहे. इन्स्टाग्रामवर ‘पेड पार्टनरशिप’चं लेबल लावता येतं, यूट्यूबवर तशी खूण करता येते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि ई-मेलमध्ये तयार लेबल नाही, तिथे पहिल्याच वाक्यात स्वतः लिहावं लागतं. आणि तिथेच ते जास्त गरजेचं आहे, कारण तिथे लोक तुमचं म्हणणं मित्राच्या सल्ल्यासारखं घेतात.

मग तुम्ही काय निवडावं

वस्तू विकत असाल आणि ती बघून आवडणारी असेल, तर इन्स्टाग्राम आणि जोडीला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. शिकवत असाल तर यूट्यूब, आणि सध्याच्या विद्यार्थ्यांसाठी छोटा ग्रुप. सल्ला देणं किंवा लिहिणं हे काम असेल तर ई-मेल, आणि लोकांना सापडण्यापुरतं एक उघड ठिकाण. ग्राहक पन्नास-साठच असतील आणि तेच पुन्हा पुन्हा येत असतील, तर रीलच्या मागे धावू नका. एक चांगला ग्रुप पुरतो.

उत्तरं द्यायला वेळच नसेल, तर चॅनेल उघडा आणि वर स्पष्ट लिहा: ‘इथे फक्त सूचना. प्रश्न असतील तर या नंबरवर, संध्याकाळी सात ते आठ.’ मग सात ते आठ खरंच हजर राहा.

अजूनही ठरत नसेल, तर गेल्या महिन्यात लोकांनी तुम्हाला आपणहून कुठे कुठे विचारलं ते मोजा. जिथे जास्त प्रश्न आले तिथूनच सुरुवात करा, तीन महिने तिथेच राहा आणि आठवड्याला दोनच गोष्टी लिहून ठेवा: किती प्रश्न आले, आणि त्यातले किती जण दुसऱ्यांदा विचारायला आले. दुसरा आकडा वाढत असेल तर फॉलोअर वाढले नाहीत तरी जागा बदलू नका.