पुंता काना की बार्बाडोस? धमाल करायची असेल तर माझं मत

थंडी सुरू झाली की न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न ठरलेला. कॅरिबियनला जायचंय, पण नुसतं वाळूत लोळायचं नाहीये, संध्याकाळी गाणी, नाच, माणसांची वर्दळ पाहिजे, मग पुंता काना घ्यावं की बार्बाडोस? मी दोन्हीकडे राहून आलोय त्यामुळे बऱ्याच जणांना फोनवर सांगून झालंय, आता एकदा नीट लिहूनच काढतो. दोन्हीकडे न्यूयॉर्कहून थेट विमान आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना बार्बाडोसला व्हिसा लागत नाही आणि पुंता काना ज्या देशात आहे त्या डोमिनिकन रिपब्लिकला वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड चालतं, म्हणजे कागदपत्रांवरून निर्णय होणार नाही. तो दुसऱ्याच गोष्टीवरून होतो, निदान माझा तरी झाला.

आधी पुंता कानाबद्दल चांगलं बोलतो, कारण ते खरंच आहे. बाव्हारोचा किनारा लांबच लांब, पांढरी वाळू, माडांची रांग, आणि समोर प्रवाळाची भिंत असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी पाणी शांत. ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमधे (राहणं, खाणंपिणं सगळं एकाच पैशात) मनगटावर पट्टी बांधली की पाकीट खोलीतल्या तिजोरीत टाकायचं आणि विसरून जायचं. लहान मुलं असतील, पुण्याहून आईबाबा आले असतील, तर या सोयीला तोड नाही. मुलांना दर तासाला काहीतरी खायला लागतं आणि बाबांना चारला चहा, ते सगळं तिथे होतं. शाकाहारी माणूसही उपाशी राहत नाही, भात आणि राजम्यासारखी उसळ, तळलेली केळी, फळं, पास्ता मिळतोच (उसळीत मांस नाही ना एवढं मात्र विचारून घ्या). साओना बेटाची ट्रिपही करण्यासारखी आहे, जाताना कॅटामरान म्हणजे दोन होड्या जोडल्यासारखी बोट, येताना स्पीडबोट किंवा उलट, आणि मधे समुद्रातच कमरेएवढ्या पाण्यात उतरवतात, खाली वाळूवर तारामासे दिसतात. ते हातात उचलू नका एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा.

आता माझं कुठे बिनसलं ते सांगतो.

संध्याकाळ झाली की रिसॉर्टच्या बाहेर पडणं हा एक प्रकल्प होतो. रिसेप्शनवर सांगायचं, ते टॅक्सी बोलावणार, भिंतीवर डॉलरमधे भाड्याचा तक्ता, जाण्याचं वेगळं, परत यायचं वेगळं, आणि ड्रायव्हर विचारणार की किती वाजता न्यायला येऊ. म्हणजे मजा सुरू व्हायच्या आधीच ती कधी संपणार ते सांगायचं. ॲपवरची गाडी स्वस्त दिसायची पण आमच्या गेटच्या आत यायला कोणी तयार नसायचं, आणि अंधारात मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायला बायको तयार नव्हती, आणि बरोबरच होतं तिचं. एकदा बाहेर जेवायला गेलो तर येण्याजाण्याचं भाडं जेवणाच्या वर गेलं. मग दुसऱ्या दिवशी माणूस आपोआप म्हणतो, जाऊदे, आतच बसू. आत काय, तर तेच थिएटर, तोच डीजे, सकाळी ऑम्लेटच्या रांगेत दिसलेलीच माणसं. करमणूक करणारी मुलं जीव तोडून काम करतात, दुपारी पूलजवळ मेरेंगेचे स्टेप शिकवतात, संध्याकाळी तीच मुलं स्टेजवर नाचतात, त्यांना माझा सलाम आहे. पण तो कार्यक्रम असतो. गावाची संध्याकाळ नसते ती.

आणि वाईट याचं वाटतं की डोमिनिकन माणसाइतका गाण्याचा वेडा माणूस शोधून सापडणार नाही. मेरेंगे आणि बाचाता हे तिथले दोन्ही नाच-गाण्याचे प्रकार युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहेत, २०१६ आणि २०१९ साली गेले. तिथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, त्याला कोलमाडो म्हणतात, स्पीकर लावलेला, प्लास्टिकच्या खुर्च्या, डॉमिनोचा डाव, मधे थंडगार प्रेसिदेंते बिअरची मोठी बाटली आणि भोवती छोटे ग्लास. खरी धमाल तिथे आहे. रिसॉर्टमधे काम करणारी कितीतरी माणसं जवळच्या वेरोन गावात राहतात, त्यांची संध्याकाळ तिकडे रंगते आणि आपण आत पट्टी बांधून बसतो. सांतो दोमिंगोच्या जुन्या शहरात दोन रात्री काढल्या तर हे सगळं मिळतं, पण ते रस्त्याने दोन-अडीच तास लांब, आणि बीचची सुट्टी म्हणून आलेला माणूस सहसा तेवढं करत नाही.

बार्बाडोसला उलट आहे. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर मुख्य रस्ता समुद्राला धरूनच जातो, आणि त्या रस्त्यावर दिवसभर आणि रात्री बऱ्याच उशिरापर्यंत व्हॅन धावत असतात. पांढऱ्या, अंगावर तपकिरी-लाल पट्टा, नंबरप्लेट झेडआर पासून सुरू, म्हणून सगळे त्यांना झेडआरच म्हणतात. ११ नंबरची राजधानी ब्रिजटाउनहून सिल्व्हर सँड्सपर्यंत जाते, वाटेत सगळं येतं. तिकीट कुठेही उतरा ३.५० बार्बेडियन डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर (त्यांचे २ म्हणजे अमेरिकेचा १, हिशोब सोपा). आपल्याकडे वडापने फिरलेल्या माणसाला तर आत बसल्याबसल्या घरच्यासारखं वाटेल. कंडक्टर दारात लटकलेला, मधली घडीची सीट पाडून अजून एकाला बसवतो, बेस इतका की काच थरथरते. आणि एवढ्या गोंगाटात एक आजीबाई चढतात, डोक्यावर टोपी, हातात पर्स, आणि सगळ्या गाडीला उद्देशून गुड ईव्हनिंग म्हणतात आणि सगळी गाडी, शाळेची पोरं धरून, गुड ईव्हनिंग म्हणते. तिथे ही रीतच आहे, दुकानात शिरताना पण आधी नमस्कार मग काम. तुम्हीही म्हणा, पुढची वागणूक एकदम बदलते.

मला बार्बाडोस आवडायचं कारण हेच. बाहेर पडायला काही ठरवावं लागत नाही. कंटाळा आला, हात केला, गाडीत बसलो. सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो त्यामुळे संध्याकाळ लवकर सुरू होते आणि मोठी असते. शुक्रवारी ऑइस्टिन्सला जायचं, मासेमारांच्या गावात बाजाराशेजारी स्टॉल लागतात, समोरच मासा भाजून देतात, मार्लिन, स्वोर्डफिश, माहीमाही, सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) नाहीतर भात, आणि पिवळा पेपर सॉस जो खरंच तिखट असतो, आपल्या जिभेलाही. लाकडी बाकांवर अनोळखी माणसांशेजारी बसून खायचं. एका बाजूला कर्कश्श सोका, म्हणजे तिकडचं जोरदार नाचाचं संगीत, चालू असतो आणि दुसऱ्या बाजूला साठी-सत्तरीची जोडपी इस्त्रीचे कपडे घालून जुन्या गाण्यांवर शांतपणे जोडीने नाचत असतात. मी तिथे जेवण विसरून बघत उभा राहिलो होतो. त्यातले पर्यटक किती आणि गावातले किती हे कळत नाही, आणि मला वाटतं जिवंत जागा ओळखायची तीच खूण आहे.

बाकीच्या दिवशी सेंट लॉरेन्स गॅप आहेच, एका वळणदार रस्त्यावर सगळे बार आणि हॉटेलं, चालत फिरता येतं. दिवसा कार्लाइल बे. तिथे किनाऱ्यावरून पोहत गेलं तरी बुडालेली जहाजं दिसतात आणि नशीब असेल तर कासवं. सगळे बीच सार्वजनिक आहेत, मोठ्या हॉटेलच्या समोरही चादर टाकून बसता येतं.

क्रिकेटवाल्यांना वेगळं सांगायला नकोच. केन्सिंग्टन ओव्हल ब्रिजटाउनमधेच आहे. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या फायनलमधे सूर्याने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला आणि रोहितने खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकलं ते हेच मैदान, आणि वाडेकरांच्या १९७१ च्या दौऱ्यात आपल्या गोव्याच्या सरदेसाईंनी १५० आणि गावसकरांनी नाबाद ११७ केल्या त्याही इथेच. बाहेर इथल्याच महान क्रिकेटपटू सोबर्सचा पुतळा आहे. त्या फायनलनंतर बेरिल वादळामुळे आपली टीम तिथेच अडकली होती हेही आठवत असेल. वादळाचा मोसम जून ते नोव्हेंबर दोन्हीकडे सारखाच. बार्बाडोस बरंच पूर्वेला असल्याने थेट तडाखे कमी बसतात, पण बेरिल जवळून गेलं तरी तिथल्या मच्छीमारांच्या बोटींचं प्रचंड नुकसान झालं, तेव्हा इन्शुरन्स काढूनच जा.

सार्गासम नावाच्या समुद्री शेवाळाचा प्रश्न पण सहज बाहेर पडता येण्याच्याच मुद्द्यावर येऊन थांबतो. २०११ पासून ते जवळजवळ दरवर्षी अटलांटिकमधून वाहत येतं, साधारण मार्च ते ऑगस्ट जास्त. पुंता काना पूर्वेकडे तोंड करून बसलंय, त्यामुळे येतं तेव्हा समोरच येतं, रिसॉर्टवाले पहाटेपासून ट्रॅक्टरने उचलतात तरी वास राहतो आणि तुमचा बीच तो एकच. बार्बाडोसलाही पूर्व आणि आग्नेय किनारा भरतो, कधी दक्षिणही, पण मग बसने पश्चिमेला पेन्स बे नाहीतर मलिन्सला जायचं, तिथे बहुतेकवेळा पाणी स्वच्छ मिळतं.

पैशाचं बोलायचं तर बार्बाडोस महाग आहे, यात शंका नाही. पुष्कळ वस्तू आयात, सुपरमार्केटमधे चीज आणि दह्याच्या किमती बघून दचकायला होतं, आणि दक्षिण किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं जुनी आहेत, पुंता कानासारखा चकचकीतपणा शोधू नका. पण बटाटा-चण्याची रोटी, म्हणजे भाजी भरून घडी घातलेली मोठी मऊ पोळी, बऱ्याच ठिकाणी मिळते आणि एका रोटीत दुपार निघते. चार माणसांचं कुटुंब आणि मुलं दहाच्या आतली असतील तर एकूण हिशोबात पुंता काना बहुधा स्वस्त पडेल, आणि तुम्हाला तेच सोयीचं वाटलं तर मी वाद घालणार नाही. जोडपं असेल, मित्रांचा ग्रुप असेल, किंवा मुलं कॉलेजची असतील तर मात्र मी बार्बाडोसच म्हणेन.

बार्बाडोस ठरलं तर हॉटेल दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्जपासून डोव्हर बीचपर्यंतच्या पट्ट्यात बघा, पश्चिम किनारा सुंदर आहे पण संध्याकाळी शांत. मुक्कामात एक शुक्रवार येईल असं बघा. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी क्रॉप ओव्हरची शेवटची मोठी मिरवणूक असते, ऊसतोडणी संपल्याचा सण, त्या आठवड्यात जायचं तर खोली फार आधी धरावी लागते. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, मुलांची हाफपँटसुद्धा नाही, तिथे कायद्याने बंदी आहे. बीचवर ज्या झाडाच्या बुंध्याला लाल पट्टा असेल त्याच्याखाली पावसात उभं राहू नका आणि त्याची हिरवी सफरचंदासारखी फळं मुलांच्या हाताला लागू देऊ नका, मँचिनील म्हणतात, विषारी असतं. पूर्व किनाऱ्यावरच्या बाथशेबाला फोटोला नक्की जा पण पोहायला उतरू नका.

आणि पुंता कानाच ठरलं तर एवढं करा, मोठ्या रिसॉर्टऐवजी बाव्हारोतल्या लोस कोरालेसच्या बाजूला छोटं हॉटेल घ्या. तिथे बीचपासून चालत जाता येतील अशी रेस्टॉरंट आणि बार आहेत, गेटवर टॅक्सीची वाट बघत बसायला लागत नाही.