दोन वर्षं थांबून शेवटी लॅपटॉप घेतला, त्याचा रिव्ह्यू (आणि थांबण्याचा पण)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अर्धा लॅपटॉपचा आहे आणि अर्धा माझ्या वाट बघण्याचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हीच चिप टाकून बऱ्याच कंपन्यांनी जवळपास सारखीच मशीनं काढलीयत. इंटेल कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही (इंटेलच्या लुनार लेक पिढीतली चिप), ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, १४ इंची ओलेड स्क्रीन. मार्च २०२५ मधे घेतला, म्हणजे नव्याचे नऊ दिवस कधीच संपलेत आणि आता खरं काय ते लिहिता येतंय.

जुना लॅपटॉप २०१७ चा, आय५-७२००यू, दोनच कोअर, ८ जीबी रॅम. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तेव्हा त्याला नवा जन्म मिळाल्यासारखं झालं होतं, तीन-चार वर्षं काही तक्रार नव्हती. मग २०२१ ला विंडोज ११ आलं आणि इंटेलमधे ८व्या जनरेशनपासून पुढेच चालणार म्हणे, माझा ७वा! एका नंबरने गेलो. तरी विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत अपडेट मिळणार होते, त्यामुळे म्हटलं घाई काय आहे, आरामात बघू.

ही आरामात बघू वाली सवय वाईट. २०२३ च्या सुरुवातीला ठरवलं की यावर्षी घ्यायचा, तर कोणीतरी म्हणालं वर्षाअखेर इंटेलची नवीन पद्धतीची चिप येतीये. थांबलो. डिसेंबरमधे मीटिअर लेक आली, रिव्ह्यू बघितले, म्हटलं ठीके पण पहिलीच पिढी आहे, पुढची येऊ दे. मग जून २०२४ ला स्नॅपड्रॅगन चिपवाले कोपायलट प्लस (मायक्रोसॉफ्टचा एआयवाल्या लॅपटॉपचा शिक्का) लॅपटॉप आले, बॅटरी जबरदस्त, पण माझ्याकडचा जुना स्कॅनर आडवा आला. स्नॅपड्रॅगन ही एआरएम चिप, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या पद्धतीची, तिच्यावर इंटेलसाठी लिहिलेली ॲप एम्युलेशन (म्हणजे मधे भाषांतर) करून चालतात पण ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच लिहिलेला लागतो आणि आमच्या स्कॅनरला तो नव्हता. परत थांबलो. आणि या लॅपटॉपमधल्या ज्या रिकॉल फीचरचा (स्क्रीनवर काय काय बघितलं ते साठवून नंतर शोधून देणारं) एवढा गाजावाजा झाला होता ते सिक्युरिटीवरून ओरड झाल्यावर लाँचच्या आधीच मागे घेतलं, लोकांच्या हातात आलं एप्रिल २०२५ मधे. फक्त त्याच्यासाठी मशीन घेणाऱ्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

या सगळ्या काळात जुन्या मशीनची अवस्था सांगतो. चार्जरची पिन सैल झालेली, मग पिनच्या खाली कागदाची घडी घालून ती एका विशिष्ट कोनात टेकवायची, मग कुठे चार्जिंगचा दिवा लागायचा. टेबलाला धक्का लागला की दिवा बंद आणि बॅटरी तर नावालाच. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढला तर मूळची ४१ हजार मिलिवॉटअवर होती त्यातली ९ हजार शिल्लक. शेवटी एकदा दोन तासांचं काम सेव्ह करायच्या आधीच मशीन गेलं. त्या दिवशी नवीन चिप बिप सगळं डोक्यातून गेलं, आणि लक्षात आलं की थांबून आपण पैसे वाचवले असं जे वाटत होतं त्यात हे रोजचे वीस-पंचवीस मिनिटं बूट होण्यात आणि पिन लावण्यात जातात ते कधी धरलंच नव्हतं.

आता नवीन मशीन. चांगलं ते आधी. बॅटरी ब्राउझर, डॉक्युमेंट, मधेमधे व्हिडिओ कॉल असं धरून ११-१२ तास आरामात जाते, चार्जर बॅगेत न्यायचाच बंद केलाय. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झाकण बंद करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उघडला तर दोन-तीन टक्केच उतरलेली असते. जुना बॅगेत झोपवला की तापून बसायचा. पंख्याचा आवाज जवळपास नाहीच, पहिल्या आठवड्यात तर मी कान लावून बघितलं की फिरतोय की नाही.

न आवडलेलं. रॅम चिपसोबत त्याच पॅकेजवर बसवलेली आहे त्यामुळे नंतर वाढवायचा प्रश्नच नाही, घेताना जे घ्याल तेच शेवटपर्यंत. (या सिरीजमधे नंबरचा शेवटचा आकडा बघायचा, ६ असेल तर १६ जीबी आणि ८ असेल तर ३२. मला हे दोन महिने शोधल्यावर कळलं, तुम्हाला फुकटात.) आठ कोअर आहेत पण हायपरथ्रेडिंग (एका कोअरने एकावेळी दोन कामं ओढणं) नाही, म्हणून मोठे व्हिडिओ एक्स्पोर्ट करणाऱ्यांनी किंवा तासनतास कोड बिल्ड करणाऱ्यांनी हा घेऊ नये, त्यांना जास्त कोअरवाली जाडजूड मशीनच बरी. ओलेड स्क्रीन दिसायला एक नंबर, पण खिडकीकडे पाठ करून बसलात की आरसा, आणि रात्री ब्राइटनेस एकदम कमी केला की माझे डोळे दुखतात. आता ब्राइटनेस थोडा वर ठेवून थीम डार्क केलीये, चालतंय. आल्या आल्या त्यात कंपनीची सहा-सात फालतू ॲप होती, ती काढायला एक संध्याकाळ गेली.

आणि तो एनपीयू, म्हणजे चिपमधला खास एआयच्या कामांसाठीचा भाग! ४७ टॉप्स (त्याच्या वेगाचं माप) म्हणे. वर्षभरात त्याने काय केलं तर व्हिडिओ कॉलमधे माझ्या मागचं कपाट धूसर केलं. टास्क मॅनेजर उघडून बघावं तर बाकी सगळा वेळ शून्य टक्के. एआयच्या स्टिकरसाठी कोणी थांबत असेल तर थांबू नका, आणि कोणी त्याच्यासाठी जास्त पैसे मागत असेल तर देऊ पण नका.

आता मुख्य प्रश्न, तुम्ही थांबावं का. माझा मावसभाऊ माझा लॅपटॉप बघून म्हणाला मी पुढची पिढी घेणार. ती पिढी, इंटेलची पँथर लेक, जानेवारी २०२६ ला आली, चांगली आहे, मी पण रिव्ह्यू बघताना जरा जळलो. पण मधल्या काळात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढायला लागले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआय डेटासेंटरकडे. मायक्रॉनने तर डिसेंबरमधे आपला क्रूशल हा साध्या ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. दरवर्षी मेमरी स्वस्तच होणार हे आपण गृहीत धरलेलं असतं ना, ते यावेळी फसलं. मावसभाऊ अजून टॅब उघडून किमती बघत बसलाय.

म्हणजे थांबणं नेहमी मूर्खपणाच असं नाही हां. मार्च २०२० ला इंटेलवाली मॅकबुक एअर ज्यांनी घेतली त्यांच्या डोळ्यादेखत नोव्हेंबरमधे ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपवाली एअर आली, बिनपंख्याची आणि कितीतरी वेगवान, आठ महिन्यांत. पण ॲपल स्वतःच्या चिपवर जाणार हे त्याच जूनमधे जाहीर झालं होतं, म्हणजे जूननंतर घेणाऱ्याला थांबायला कारण होतं. मी आता एवढंच बघतो, तारीख जाहीर झालीये का, आणि जे बदलणार आहे ते माझ्या दुखण्यावरचं औषध आहे का. माझं दुखणं बॅटरी आणि रॅम होतं, त्यामुळे लुनार लेकसाठी सप्टेंबर २०२४ पर्यंत थांबलो ते बरोबरच, त्याच्यानंतरचे सहा महिने मात्र निव्वळ चालढकल. वायफाय ७ साठी कशाला थांबायचं, घरातला राउटरच जुना आहे.

घेतलात तर परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करा. रात्री दिवे मालवून कमी ब्राइटनेसवर अर्धा तास वाचून बघा, आणि चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग आहे का ते शोधा. माझ्यात ती कंपनीच्या त्या फालतू ॲपपैकी एकात होती, आणि मी ते उडवून बसलो होतो. परत टाकावं लागलं.