फर्स्ट इयरचं संगणकज्ञान कसं मोजाल: प्रश्नावली, एमसीक्यू की प्रॅक्टिकल?

इंजिनिअरिंगला आलेल्या मुलांना संगणक कितपत येतो, हे प्रोग्रामिंगचा पहिला तास सुरू होण्याआधी कळायला हवं. मोबाइल सगळेच सफाईने वापरतात. त्यावरून लॅबमध्ये काय होईल याचा अंदाज येत नाही.

सगळ्यात स्वस्त प्रश्नावली. गूगल फॉर्म पाठवला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वर्गाची उत्तरं हातात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७८व्या फेरीतही लोकांना असंच विचारलं होतं: फाइल कॉपी करता येते का, ईमेलला फाइल जोडता येते का, स्प्रेडशीटमध्ये सूत्र वापरता येतं का. देशाचा अंदाज घ्यायला ते ठीक आहे. जादा तासाला कोणाला बसवायचं, हे मात्र त्यावरून ठरवू नका. २०१३च्या आयसीआयएलएस या संगणक-कौशल्याच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बहुतेक देशांत आठवीच्या मुली प्रत्यक्ष कामात मुलांच्या पुढे होत्या, तरी अवघड कामं जमतील असं ठामपणे सांगण्यात मुलं पुढे होती.

एमसीक्यूचा नमुना तयारच आहे: नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची सीसीसी ही संगणकाची प्राथमिक परीक्षा, ९० मिनिटांत १०० प्रश्न. तपासणीची कटकट नाही, मार्कांवरून वाद नाही. पण सीईटीच्या तयारीतून आलेली मुलं पर्याय गाळण्यात तरबेज असतात. दहावीच्या सुट्टीत केलेल्या एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्रही आजचं काही सांगत नाही.

माझं मत प्रॅक्टिकलला. काम साधंच द्या: झिप फाइल उतरवा, मार्कांच्या तक्त्यात सरासरी काढा, एक मार्क बदला, सांगितलेल्या नावाने फाइल जमा करा. इथे खरं दिसतं. कुणी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सरासरी काढून आकडा टाइप करतो. मार्क बदलला तरी सरासरी जागची हलत नाही. कुणी झिपमधूनच थेट फाइल उघडतो आणि सेव्ह केलेलं शोधत बसतो. नोटपॅडमध्ये पायथनचा प्रोग्राम लिहायला लावलात, तर काहींच्या फाइलच्या शेवटी ‘.पीवाय’ऐवजी ‘.पीवाय.टीएक्सटी’ निघेल, कारण विंडोज एक्स्टेंशन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाची शेपटी, लपवून ठेवतं आणि हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

लॅब आणि माणसं लागतात, हे खरं. पण प्रॅक्टिकलच्या बॅचेस वेळापत्रकात असतातच. पहिल्या आठवड्याचा स्लॉट यालाच द्या. सेलमध्ये सूत्र आहे की नुसता आकडा, हे एका क्लिकवर कळतं. प्रश्नावलीतून फक्त एवढंच विचारा: घरी संगणक आहे का, आणि आधी कशावर काम केलंय? मार्क मात्र ठेवू नका. मार्क आले की शेजाऱ्याचीच फाइल नाव बदलून जमा होते.