व्हायोलन्स रिस्क असेसमेंटचं ट्रेनिंग, संभाजीनगर: जावं का?

जे सायकॉलॉजीवाले कोर्टाच्या, जेलच्या नाहीतर निरीक्षणगृहाच्या केस बघतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, बाकीच्यांना कंटाळा येईल. व्हायोलन्स रिस्क असेसमेंट म्हणजे समोरचा माणूस पुढं हिंसा करेल का याचा अंदाज बांधणं, त्याचं हे ट्रेनिंग. जालना रोडवरच्या एका हॉटेलात झालं, मी लातूरहून गेलतो. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही, कामून की तक्रारी पण आहेत आणि आपल्याकडं या फील्डमधली माणसं मोजकीच, सगळे एकमेकांना ओळखतात. फी पाच आकडी. पुण्या-मुंबईला जाऊन राहण्याचा खर्च धरला तर ठीकय, पण हिंगोली-परभणीकडं एनजीओत पगारावर असलेल्या पोरीला एवढी फी कुठून परवडणार, विद्यार्थ्यांना सवलत होती तशी यांनाही द्यायला काय हरकत होती.

सुरुवात लई चांगली झाली. शिकवणाऱ्या सरांनी टूल, म्हणजे अंदाज बांधायचे फॉर्म, काढायच्या आधी आपण लोक किती चुकतो तेच दाखवलं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा बॅक्स्ट्रॉम केसचा निकाल आला आणि न्यूयॉर्कमध्ये ‘धोकादायक’ म्हणून वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेले ९६७ पेशंट साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले, सगळ्यांना वाटलं आता काही खरं नाही, आणि प्रत्यक्षात त्यातले अगदी थोडे परत हिंसक झाले. मग १९८१ मध्ये जॉन मोनाहन या अमेरिकन सायकॉलॉजिस्टनी तोवरचे अभ्यास तपासून सांगितलं की डॉक्टर-सायकॉलॉजिस्टांचे अंदाज तीनात एकापेक्षा जास्त वेळा बरोबर येत नाहीत. हॉलमध्ये शांतता. आमच्यात एक जण तर दर महिन्याला पोलिसांना ‘हा डेंजर आहे’ असं लिहून देतो म्हणत होता, तो मोबाईल खाली ठेवून नीट ऐकायला लागला.

त्यानंतर व्हीआरएजी नावाचं टूल, म्हणजे १२ मुद्दे, प्रत्येकाला मार्क, बेरीज करून टक्केवारी. हे भराभर उरकलं ते बरं केलं. ते आकडे कॅनडातल्या एका मनोरुग्णालयाच्या लोकांवरून काढलेत, हर्सूल जेलमधल्या माणसाला लावून काय उपयोग?

खरा मुद्दा एचसीआर-२० या दुसऱ्या टूलची २०१३ ची तिसरी आवृत्ती. १० मुद्दे मागच्या आयुष्याचे, ५ सध्याच्या अवस्थेचे, ५ पुढं काय होईल त्याचे. आणि बेरीज करायचीच नाही! आपल्याला कॉलेजपासून स्कोअर काढायची इतकी सवय की पहिल्या सरावात निम्म्या लोकांनी कागदाच्या कोपऱ्यात टोटल मारून ठेवली होती, सर हसत हसत खोडत फिरले. मुद्दा आहे का, थोडासा आहे का, नाही, एवढं आधी. मग तो या माणसाच्या हिंसेशी किती जोडलेला आहे हे वेगळं ठरवायचं. मग हा माणूस हिंसा का करतो याची मांडणी, मग पुढं कोणावर, कशी, काय घडलं की होऊ शकते याचे दोनतीन प्रसंग लिहायचे, आणि त्यावरून बंदोबस्ताचा प्लॅन. ‘धोकादायक’ असा एक शब्द लिहून मोकळं व्हायची सोयच नाही, आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते इथंच.

दुसऱ्या दिवशी केस होती ती परदेशी छापील, त्यातला माणूस बारमध्ये मारामाऱ्या करतो, पॅरोल ऑफिसरला भेटतो वगैरे. एका जेलमधल्या समुपदेशक ताईंनी सरळ विचारलं, सर, ऊसतोड करणाऱ्या माणसाचा नोकरीचा मुद्दा कसा भरायचा? बीडकडचा माणूस, दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातो, सहा महिने फडावर कोपीत राहतो, उरलेले महिने मिळेल ते काम, दरवर्षी गाव वेगळं, कारखाना वेगळा. फॉर्मवर बघितलं तर नोकरी टिकत नाही, राहायचं ठिकाण पक्कं नाही, सगळीकडं टिक. मग अख्ख्या तालुक्याला हाय रिस्क लिहायचं का? इथं सर खुलले. म्हणाले, असण्याची खूण करा पण संबंध वेगळा तपासा, काम बदलणं हा त्याचा स्वभाव आहे का तिथली रीत आहे ते बघा, आणि उचल फिटली नाही म्हणून होणारा ताण ‘पुढं काय होईल’च्या मुद्द्यांत धरा. मग तासभर आमच्याच केस झाल्या, दारू पिऊन बायकोला मारणारा, बांधावरून भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घालणारा. हा तासभर टाइमटेबलात नव्हता, ताईंनी विचारलं म्हणून झाला. तो ठरवून ठेवायला काय जातंय?

‘पुढं काय होईल’च्या त्या ५ मुद्द्यांत उपचाराची सोय नि देखरेख येते. प्लॅन लिहायचा तर आपल्याकडं आहे काय? राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला, आपल्या भागात संभाजीनगरचं घाटी रुग्णालय नाहीतर अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय, नाहीतर जिल्हा रुग्णालयाची ओपीडी. त्यामुळं धोका माणसात किती आणि औषध वेळेवर न मिळण्यात किती, हे रिपोर्टात वेगळं लिहा असं सरांनी सांगितलं, ते मला पटलं.

आता तक्रार. कायद्याचं सेशन एकदम पातळ. अमेरिकेतल्या १९७६ च्या टारासॉफ निकालावर (पेशंटपासून ज्याला धोका आहे त्याला वाचवायची जबाबदारी थेरपिस्टवर टाकणारा) लांबलचक भाषण आणि इथल्या कायद्याची एकच स्लाइड. अहो, १९८० च्या बचन सिंग निकालातच आहे की आरोपी पुढं समाजाला धोका ठरणार नाही ही शक्यता फाशी देताना विचारात घ्यायची, आणि २०२२ च्या मनोज निकालात सुप्रीम कोर्टानं आरोपीचा मानसशास्त्रीय रिपोर्ट मागवायला सांगितलंय. मराठवाड्यातल्या सायकॉलॉजिस्टला काम यातूनच येणार ना? शिवाय बालन्याय कायद्याच्या कलम १५ ची प्राथमिक तपासणी आणि रिस्क असेसमेंट यांची खिचडी केली. १६ वर्षांवरच्या पोरानं हीनस म्हणजे अतिगंभीर गुन्हा केला असं म्हणणं असेल तर बाल न्याय मंडळ त्याची क्षमता, परिणामांची समज आणि प्रसंग बघतं, तो पुढं हिंसा करेल का हे तिथं विचारलेलंच नसतं. समोर मंडळाचे दोन सदस्य बसलेले, त्यांनीच दुरुस्त केलं. आणि पोरांसाठी सॅव्हरी हे वेगळं टूल असतं, १२ ते १८ वयाचं, त्याचं नुसतं नाव घेतलं.

मॅन्युअल मूळ नाही, झेरॉक्स. एवढी फी घेऊन झेरॉक्स! उलटतपासणीत वकिलानं विचारलं मॅन्युअल कुठलं वापरलं तर काय दाखवायचं? सर्टिफिकेट मात्र जाड कागदावर, सोनेरी शिक्का वगैरे. दोघांनी एकच केस स्वतंत्र भरून जुळते का बघायचं, हा सराव एकदाच झाला आणि त्यात आमच्या टेबलावर बराच फरक पडला, त्यावर नंतर फोन नाही, ग्रुप नाही.

जेवण बरं. शनिवारी रात्री शहरात जाऊन नान-खलिया खा, हॉलमधलं पनीर सोडा.

ज्यांच्या हातात आत्ता केस आहेत त्यांनी जावं. नुसतं सीव्हीत लिहायला जाणार असाल तर पैसे वाचवा. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या: मॅन्युअल मूळ देणार का, इथल्या केस किती, आणि नंतर कोणी आपलं रेटिंग तपासून देणार का. मी फीडबॅक फॉर्मवर हेच लिहून दिलंय, पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे, कोणी गेलं तर झेरॉक्स बंद झाली का तेवढं खाली सांगा.