माझ्याआधीची 11 लाख पावले

गुडघ्याच्या वर पाय कापावा लागल्यानंतर चौथ्या महिन्यात मी कृत्रिम पाय विकत घेतला आणि त्या एकाच व्यवहारात दोनदा फसलो. त्यातली एक सरळसरळ लबाडी होती. दुसरी मला तिच्याहून महागात पडली, पण तिला कायद्याने फसवणूक म्हणता येईल की नाही, याची मला अजूनही शंका आहे.

विक्रेत्याने पहिल्याच भेटीत एक चित्रफीत दाखवली होती. मायक्रोप्रोसेसर गुडघा लावलेला एक माणूस कठड्याला हात न लावता, एकाआड एक पाय टाकत जिना उतरत होता. त्यात खोटे काही नव्हते. सेन्सरवरून चाल ओळखून गुडघ्यातील हायड्रॉलिक रोध क्षणोक्षणी बदलणारा सी-लेग हा गुडघा 1997 मध्येच बाजारात आला आणि अशा गुडघ्याने अडखळणे व पडणे कमी होते, हेही खरे आहे. मात्र तो नियमित चार्ज करावा लागतो, सर्व्हिसिंगला उत्पादक कंपनीकडेच पाठवावा लागतो आणि वॉरंटी संपल्यावरची एखादी दुरुस्ती साध्या गुडघ्याच्या किमतीलाही मागे टाकू शकते, याविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. चार दांड्यांचा पॉलिसेंट्रिक गुडघा उभे राहताना स्थिर असतो, पाऊल पुढे टाकताना किंचित आखूड होऊन चवडा जमिनीला घासू देत नाही आणि त्याला वीज लागत नाही; हा पर्याय मला फार उशिरा कळला.

पावलाच्या बाबतीतही तेच झाले. कार्बन फायबरचे पाऊल दाबले की वाकते आणि सरळ होताना पुढे रेटा देते, पण ते माणसाचे वजन आणि हालचाल पाहून निवडावे लागते. संथ, थोडेच चालणाऱ्याला त्या रेट्याचा फारसा उपयोग नसतो. एकही हलता सांधा नसलेले सॅच पाऊल किंवा 1968 च्या सुमारास घडवलेले, अनवाणी आणि पाण्याचिखलात चालणारे जयपूर फूट त्या वेळी माझी गरज भागवू शकले असते.

खरा घोळ सॉकेटचा होता. स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, ज्यात बसतो ते सॉकेट नीट नसेल, तर खाली कितीही भारी यंत्र जोडले तरी पाय अंगाला लागत नाही. माझ्या कोटेशनमध्ये सॉकेटसाठी वेगळी ओळसुद्धा नव्हती. ‘संपूर्ण पाय’ म्हणून एकच रक्कम लिहिली होती. शस्त्रक्रियेनंतर पहिले अनेक महिने स्टंपची सूज उतरत राहते आणि स्नायू आटतात, त्यामुळे पहिले सॉकेट तात्पुरतेच धरायचे असते. विक्रेत्याने मात्र चौथ्याच महिन्यात पक्के सॉकेट करून दिले. सैल सॉकेट भरून काढायला मी स्टंपवर आधी एक मोजा चढवत होतो, मग तीन, मग आठ; तरी स्टंप आत खाली जाई, जांघेत कड रुते आणि मांडीच्या आतल्या बाजूचा वाटाण्याएवढा फोड बरा होता होता पुन्हा फुटे. ‘सवय होईल,’ एवढेच उत्तर मिळत गेले. सात महिन्यांत मी तो पाय जेमतेम दिवसाला तासभर घातला असेन.

शेवटी दुसऱ्या प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे गेलो. तिने आधी पारदर्शक प्लॅस्टिकचे चाचणी सॉकेट बनवले, मला त्यात उभे केले आणि दाबाखाली कातडी जिथे पांढरी पडत होती तिथे बाहेरून पेनाने खुणा केल्या. पक्के सॉकेट तिसऱ्या चाचणीनंतरच झाले. गुडघा तोच वापरायचा म्हणून तिने तो संगणकाला जोडला आणि पडद्याकडे पाहत विचारले, ‘तुम्ही रोज किती चालता?’ गुडघ्याच्या नोंदीत 11 लाखांहून अधिक पावले होती. अनुक्रमांक कंपनीला कळवल्यावर उत्तर आले की हा नग तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्या कोणासाठी नोंदला गेला होता आणि वॉरंटीही त्याच तारखेपासून मोजली जात होती. नवा म्हणून मी पूर्ण किंमत मोजलेला गुडघा वापरलेला होता.

या वेळी मी सॉकेट, लायनर (स्टंपवर चढवायचे मऊ आवरण), गुडघा आणि पाऊल यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून घेतल्या. सॉकेटची किती वेळा दुरुस्ती त्या रकमेत धरली आहे, स्टंप आणखी आटल्यास नव्या सॉकेटचे किती पडतील आणि लायनर साधारण किती महिन्यांनी बदलावा लागेल, हेही कागदावर आणले. अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घेईपर्यंत मी आगाऊ रक्कम दिली नाही. सध्या मी चार दांड्यांच्या गुडघ्यावर चालतो आणि स्टंपवर फोड नाही.

जुन्या विक्रेत्याकडे मी लेखी तक्रार केली. गुडघा नवा असल्याचे आपण कुठेही लिहून दिलेले नाही, असे त्याने कळवले. मी बिल पुन्हा काढून पाहिले. त्यावर अनुक्रमांक नव्हता. ‘मायक्रोप्रोसेसर गुडघ्यासह संपूर्ण पाय, 1 नग’ एवढेच होते, आणि त्याखाली माझी सही.