गुत्झी की डुकाटी? सत्तरच्या दशकातली इटालियन घेण्याआधी

"काका, डुकाटी मोटारसायकल घेऊ की मोटो गुत्झी? दोन्ही सत्तरच्या दशकातल्याच. एकच परवडेल." मित्राच्या मुलानं परवा फोनवर विचारलं. इथे इंग्लंडमध्येच नोकरी करतो. मी उलट विचारलं, "गॅरेज आहे का? आणि रविवारी किती वेळ मोकळा असतोस?" तो हसला. पण निम्मं उत्तर तिथेच आहे. आधीच सांगतो, माझ्याकडे गुत्झी 850 टी3 आहे, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकतं ते ओळखून वाचा.

दोन्ही इंजिनं 90 अंशांची व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे, पण बसवण्याची तऱ्हा अगदी वेगळी. डुकाटीचे सिलिंडर चाकांच्या रेषेत असतात, पुढचा जवळजवळ झोपलेला आणि मागचा उभा. गाडी अंगानं सडपातळ होते, पण लांबते. गुत्झीचे सिलिंडर टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर येतात, गर्दीत कोपरं काढून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. डुकाटी मागच्या चाकाला चेननं जोर देते, गुत्झी शाफ्टनं.

डुकाटी घेणारा खरं तर तिचे इंजिनिअर फाबियो टालिओनी यांचं डोकं विकत घेतो. 1954 मध्ये ते बोलोन्याच्या कारखान्यात आले. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) कॅम या फिरत्या उंचवट्यानं उघडतो आणि स्प्रिंगनं मिटतो. टालिओनींच्या डेस्मो रचनेत उघडायला एक रॉकर, म्हणजे छोटी तरफ, आणि मिटायला दुसरा, त्यामुळे वेग कितीही वाढला तरी व्हॉल्व्ह मागे रेंगाळत नाही. कॅमपर्यंत फिरकी पोचवायला चेन नाही की पट्टा नाही. प्रत्येक सिलिंडरच्या कडेनं वर जाणारा उभा दांडा आणि त्याच्या टोकांना तिरके गिअर, म्हणजे बेव्हल. गाडी उभी असताना कान जवळ नेला की त्या गिअरांची बारीक घरघर ऐकू येते. 23 एप्रिल 1972 ला इमोलाच्या 200 मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, तो याच इंजिनाच्या जोरावर. पुढे 1978 मध्ये माइक हेलवूडनं आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत पुनरागमन केलं आणि जिंकला, तोही बेव्हल डुकाटीवरच. 900 एसएसवर (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट) कोंटी कंपनीचे सायलेन्सर लावून कुणी शेजारून गेलं, की मीही मान वळवून बघतो.

पण हे सगळं जुळवून बसवायला शिम, म्हणजे नेमक्या जाडीच्या पातळ चकत्या, लागतात. दातात दात किती खोल बसायचा, व्हॉल्व्ह मिटल्यावर किती फट उरायची, सगळं शिम बदलून. इंजिन जोडायला फार वेळ आणि कुशल हात लागायचे, म्हणून तर डुकाटीनं पुढे पांटाह या मॉडेलमध्ये पट्टा आणला. तुम्हाला मायक्रोमीटर हातात धरायला आवडत असेल तर पुढे वाचायची गरज नाही, बेव्हलच घ्या. नाहीतर चांगला मिस्त्री आधी शोधा आणि गाडी नंतर. एक पळवाट आहे. डुकाटीच्याच 864 सीसीच्या 860 जीटीला डेस्मो नाही, साध्या स्प्रिंगा आहेत. तिचं कोनाकोनांचं रूप ज्युजारो या डिझायनरनं काढलं होतं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, मला मात्र आता आवडू लागलं आहे.

आता गुत्झीकडे. गेल्या महिन्यात सकाळी टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट जुळवली. चहा स्टँडजवळच्या स्टुलावर ठेवला, अॅलन की घेतली आणि झाकणाचे बोल्ट सोडले. टाकी काढायची नाही, काही हलवायचं नाही, हेड आपल्या गुडघ्यासमोरच. इंजिन हातानं फिरवून पिस्टन वर आणला, लॉकनट सैल केला, स्क्रू किंचित फिरवून फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, सरकवलं. घट्ट लोण्यातून सुरी जावी तसं जरा अडखळत गेलं, की झालं. असे एकूण चार व्हॉल्व्ह. चहा पुरता गार झाला नव्हता.

हे असं का, त्यामागे दोन माणसं आहेत. इंजिन जुलिओ चेझारे कार्कानो यांचं. पुशरॉडचं, म्हणजे व्हॉल्व्ह खालून दांड्यांनी ढकलणारं, आणि दणकट. पोलिसांच्या गाड्यांना शोभेल असं, आणि ते पोलिसांनी वापरलंही, अगदी लॉस एंजेलिसपर्यंत. सुरुवातीच्या व्ही7मध्ये डायनॅमो इंजिनाच्या डोक्यावर होता, त्यामुळे गाडी उंच आणि बोजड. लिनो तोंती यांनी तो काढून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, त्याच्या पुढच्या टोकाला अल्टरनेटर दिला. डोक्यावरची जागा मोकळी झाली आणि फ्रेमच्या नळ्या सिलिंडरांच्या मधून सरळ नेता आल्या. 1971 ची व्ही7 स्पोर्ट तिथून जन्मली. 1976 पासून रस्त्यावर आलेली 844 सीसीची ल मां हीदेखील त्याच सांगाड्यावर. तोंतीच्या फ्रेमच्या खालच्या नळ्या बोल्टनं सुटतात, हेही ध्यानात ठेवा, कारण क्लच बदलायचा तर त्या सोडून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. क्लच मोटारीसारखा कोरडा, आणि त्या कामाला अख्खा दिवस जातो. गुत्झीवाले टॅपेटच्या गोष्टी सांगतात, क्लचच्या सांगत नाहीत.

चालवायला? उभ्या गाडीला अॅक्सिलरेटर दिला की गुत्झी एका बाजूला झुकते. क्रँक गाडीच्या लांबीत फिरतो, त्याचा हा झटका. पहिल्यांदा दचकायला होतं. वळणावर एकदम अॅक्सिलरेटर सोडला की शाफ्टमुळे मागची बाजू बसते, म्हणून आधी वेग कमी करा आणि हलका जोर देत वळण काढा. गिअर घाईनं पडत नाहीत. टी3 आणि ल मांमध्ये पायाच्या ब्रेकनं मागची आणि पुढची एक डिस्क एकत्र लागते, हाताच्या लिव्हरला पुढची दुसरी. ओल्या रस्त्यावर हे फार उपयोगी पडतं. डुकाटी लांब वळणात रुळावर असल्यासारखी जाते, पण शहरात क्लच आणि हँडल मनगटं काढतात. 900 एसएसला किकच आहे, बटण नाही. सिग्नलला बंद पडली तर मागच्या गाडीला थांबावंच लागतं.

खराब काय होतं? सुरुवातीच्या गुत्झींच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा आहे. तो सोलवटला की त्याचे कण तेलात उतरतात. आधीच्या मालकानं निकासिलचा टिकाऊ मुलामा असलेले नवे सिलिंडर घातले असतील तर त्या पावतीची किंमत गाडीइतकीच माना. ल मांची पहिली सीट एकसंध फोमची होती, ती तडकतेच, त्यामुळे मूळ सीट दिसली तर शंका घ्या. डुकाटीत क्रँकचं बिग-एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारं बेअरिंग, ऐका. खालून ठोका येत असेल तर पैसे खिशात ठेवून परत या. डुकाटीच्या पहिल्यावहिल्या सुपर स्पोर्टच्या टाक्या फायबरग्लासच्या आहेत आणि आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या मऊ करतं.

कस्टम करायचं डोक्यात असेल तर माझं मत एकतर्फी आहे. टी3 घ्या. हजारो निघाल्या, भाग मिळतात आणि तोंतीची फ्रेम उघडी ठेवली तरी देखणी दिसते. मागची सीट कापून कॅफे रेसर, म्हणजे शर्यतीच्या थाटाची गाडी, करा, कुणाचं काही बिघडत नाही. तीच कात्री 900 एसएसला लावलीत तर तुम्ही गाडी बदलत नाही, मारता. एक नियमही बघा. ब्रिटनमध्ये 40 वर्षांवरच्या गाडीला एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नसते, पण गेल्या 30 वर्षांत तिच्यात मोठे बदल झाले असतील तर ही सूट मिळत नाही.

किमतीत दोघींची तुलनाच नाही. डुकाटीच्या 1974 च्या 750 एसएस सुमारे 400 बनल्या. तिच्या पैशात कित्येक टी3 येतील. म्हणूनच तिच्या नकलाही फिरतात. इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. ल मांच्या वेशातल्या टी3सुद्धा दिसतात. त्या चालवायला वाईट नाहीत, फक्त भाव ल मांचा द्यायचा नाही.

लाव्हेर्दा जोटा या तिसऱ्या इटालियन गाडीचं त्या मुलानं शेवटी विचारलंच. 981 सीसी, तीन सिलिंडर, ब्रेगान्झेच्या कारखान्याची, वजनदार आणि आडदांड. पहिली जुनी गाडी म्हणून नको.

माझा कौल गुत्झीला जातो त्याला थोडं घरचंही कारण आहे. आमच्या घरी बजाजची स्कूटर होती, आणि बजाजनं 1960 च्या दशकात पियाजिओच्या परवान्यानं व्हेस्पाच बनवल्या. त्याच पियाजिओकडे आज मोटो गुत्झी आहे. बाबा सकाळी स्कूटर तिरकी करून किक मारायचे, तो आवाज कानात बसला आहे, आणि इटालियन गाडी म्हटली की मला तोच आठवतो.

शेवटी त्यानं शनिवारी एक टी3 बघायला जायचं ठरवलं. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेव म्हटलं, गाडी तापवून ठेवू नका. गार इंजिन किती वेळात पकडतं, दोन्ही सिलिंडर सुरुवातीपासून चालतात का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे तेव्हाच कळतं. दारात पोचल्यावर आधी एक्झॉस्टच्या पाइपला हात लाव, मग विकणाऱ्याला नमस्कार कर.