'औषध लागू पडतंय, ताई': नकली वजन-घटव्या इंजेक्शनचा अनुभव

टाइप टू डायबिटीससाठी आठवड्यातून एकदा टोचायची जी इंजेक्शनं आहेत, त्यांचे साइड इफेक्ट खरे आहेत आणि बरेच आहेत. मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ, पोट फुगणं, थकवा. हे सगळं औषधासोबतच्या कागदावर छापलेलंच असतं. नकली माल विकणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही. इंजेक्शनच्या पेनमध्ये काहीही भरा, टोचणाऱ्याला काहीही होऊ दे, उत्तर तयार: 'ताई, हा साइड इफेक्ट आहे, म्हणजे औषध लागू पडतंय.' ग्लुकोमीटरवर ४४ आकडा आला, म्हणजे साखर धोकादायक खाली गेली, त्या वेळीही माझ्या मोबाइलवर हेच उत्तर आलेलं होतं.

खरं औषध मी आधी घेतलेलं होतं, म्हणून दोन्हींतला फरक सांगू शकते. मला डायबिटीस होऊन बरीच वर्षं झाली, गोळी फक्त मेटफॉर्मिनची. डॉक्टरांनी अशांपैकीच सेमाग्लुटाइड नावाचं इंजेक्शन सुरू केलं ते ०.२५ मिलिग्रॅमपासून. चार आठवडे तेवढंच, मग ०.५. डोस वाढला की पुढचे दोन-तीन दिवस पोटात ढवळायचं, कुजक्या अंड्यासारखे ढेकर यायचे, आणि अर्धं ताट संपायच्या आत पोट भरायचं. भूक मरत नव्हती, ती जणू दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. आपल्या आतड्यातून जीएलपी-वन नावाचं एक हार्मोन जेवणानंतर सुटतं, हे औषध म्हणजे त्या हार्मोनची नक्कल. ती मेंदूला 'पुरे' सांगते, जठर हळूहळू रिकामं होऊ देते, आणि रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. साखर खाली आली की तो धक्का थांबतो. म्हणून हे औषध एकटं घेतलं, किंवा मेटफॉर्मिनसोबत घेतलं, तर साखर धोकादायक खाली जाणं फार क्वचित घडतं. सोबत इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी (साखर किती आहे ते न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी) असेल तर गोष्ट वेगळी. ही माहिती मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती, आणि पुढे तीच कामी आली.

मग औषध मिळेनासं झालं. २०२२ नंतर जगभर या इंजेक्शनांचा तुटवडा पडला होता, कारण डायबिटीस नसलेले लोकही वजनासाठी ती घ्यायला लागले होते. दुकानदार 'पुढच्या आठवड्यात बघा' म्हणायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. अशा वेळी कोणीतरी एका ग्रुपमध्ये जोडलं. 'डायबिटीस आणि वेट लॉस सपोर्ट', असं काहीसं भारदस्त नाव. अ‍ॅडमिन स्वतःला डाएट कोच म्हणवणारी बाई, अत्यंत गोड बोलणारी. रोज सकाळी कोणाचा तरी आधीचा आणि नंतरचा फोटो, खाली टाळ्यांचा पाऊस. 'एका महिन्यात १५ किलो!' मध्येच कोणीतरी विचारायचं, 'मला फार मळमळतंय.' लगेच चार जण धावून यायचे: 'मलाही झालं होतं, सहन करा, वजन उतरतंय.' त्यातले किती जण खरे आणि किती तिचेच दुसरे नंबर, हे आजही मला ठाऊक नाही.

त्या '१५ किलो'बद्दल आधी सांगते. सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम डोसवर २०२१ साली जी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात ६८ आठवड्यांनी वजन सरासरी १४.९ टक्के घटलं होतं. आठवडे, दिवस नव्हेत. आणि त्या चाचणीत डायबिटीस असलेले लोक घेतलेलेच नव्हते. डायबिटीस असलेल्यांवर त्याच डोसची जी वेगळी चाचणी झाली, तिच्यात तेवढ्याच काळात सरासरी घट ९.६ टक्के. म्हणजे आपल्यासारख्यांचं वजन तुलनेने कमीच उतरतं. शिवाय औषध थांबवलेल्यांवर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा वर्षभरात घटलेल्या वजनातलं जवळजवळ दोन तृतीयांश परत आलं होतं. महिन्यात १५ किलो सांगणारा माणूस एकतर खोटं बोलतोय, नाहीतर समोरच्याला काहीतरी भयंकर होतंय.

पेन आलं ते साध्या कुरियरच्या पाकिटात. आत एक जेलची पिशवी होती, पण ती कोमट. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, गोठू द्यायचं नसतं, उजेडापासून जपायचं असतं. मी तसं लिहिलं, तर उत्तर आलं: 'ताई, एक-दोन दिवसांनी काही फरक पडत नाही, कंपनीच सांगते.' डब्यात माहितीचा कागद नव्हता. पेनवरचं लेबल एका कडेला किंचित उचललेलं, नखाने टोकरलं तर खाली दुसऱ्या लेबलची कड दिसत होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट डोसच्या खिडकीत. माझ्या जुन्या पेनची चकती फिरवली की खिडकीत मिलिग्रॅमचा आकडा यायचा, ०.२५ किंवा ०.५. या पेनमध्ये २, ४, ६, ८ असं चढत जात होतं, पार पुढेपर्यंत. विचारलं, तर तिने तक्ता पाठवला: 'हा एक्सपोर्ट माल आहे, मोजणी वेगळी असते. ०.५ साठी २० वर ठेवा.' तक्त्यावर कंपनीचं बोधचिन्ह, खाली सही, शिक्का. इतकी तयारी केलेली असते या लोकांची.

हे नीट लक्षात ठेवा: चकतीवर असे युनिट (इन्सुलिन मोजायचं माप) मोजणारं पेन हे सहसा इन्सुलिनचं असतं.

सकाळी थोडं खाऊन मी टोचून घेतलं. तासाभराच्या आत हात थरथरायला लागले, मानेवरून घामाच्या धारा, आणि भूक. अशी भूक, की डबे उघडून जे हाताला लागेल ते तोंडात कोंबावं. इथेच शंका यायला हवी, कारण हे औषध भूक कमी करण्यासाठी घेतात. आणि ते इतक्या लवकर असा दणका देतही नाही. त्याचा अंमल सावकाश चढतो, शरीरातून अर्धं जायलाच साधारण आठवडा लागतो. मी ग्रुपवर लिहिलं, 'फार घाम येतोय, थरथरतंय.' उत्तर लगेच: 'औषध लागू पडतंय, ताई. फॅट जळताना घाम येतो. गोड काही खाऊ नका, नाहीतर डोस वाया जाईल.'

ते शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय. साखर कोसळत असलेल्या माणसाला 'गोड खाऊ नका' सांगणं म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं असं मी तरी मानत नाही. निदान माहीत करून घेण्याची तिला गरज वाटली नव्हती, हे नक्की.

मुलगी घरात होती. तिने बोट टोचून साखर पाहिली: ४४. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ६८, जरा बरं वाटलं, पण थोड्या वेळाने पुन्हा घसरली. एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण आतलं औषध अजून काम करत असतं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये, घास किंवा पाणी श्वासनलिकेत जातं. आम्ही सरळ इमर्जन्सीत गेलो, निघताना मुलीने पेन, डबा, रिकामं पाकीट सगळं पिशवीत टाकलं. तिचं हे डोकं चाललं म्हणून पुढचं सगळं कळलं.

डॉक्टरांनी गोळ्यांची यादी विचारली. 'मेटफॉर्मिन आणि सेमाग्लुटाइड,' मी म्हटलं. 'एवढ्याने साखर अशी जात नाही,' ते म्हणाले. 'पेन आणलंय का?' ग्लुकोज चढवण्याआधी, साखर खाली असतानाच त्यांनी रक्त काढून घेतलं आणि त्यात सी-पेप्टाइड तपासायला सांगितलं. आपलं स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर सी-पेप्टाइडही तेवढंच सुटतं. बाटलीतल्या किंवा पेनमधल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. साखर खाली, इन्सुलिनचा जोर दिसतोय आणि सी-पेप्टाइड मात्र जवळजवळ नाही, याचा अर्थ इन्सुलिन बाहेरून आलंय. माझा रिपोर्ट तसाच आला. साखर घसरवणारी गोळी कोणी चोरून दिली असती तर सी-पेप्टाइड उलट वाढलेलं दिसलं असतं.

हे माझ्या एकटीचं नशीब नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात नकली ओझेम्पिक (सेमाग्लुटाइडचं एक ब्रँड-नाव) घेतल्याचा संशय असलेल्या लोकांना साखर कोसळून आणि झटके येऊन रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं, आणि पेनमध्ये इन्सुलिन असावं असाच तिथल्या यंत्रणेचा अंदाज होता. त्याच महिन्यात युरोपच्या औषध यंत्रणेने जर्मन लेबलं लावलेल्या नकली पेनांबद्दल इशारा दिला. ती पेनं तर घाऊक व्यापाऱ्यांकडे सापडली होती. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या नकली सेमाग्लुटाइडच्या बॅचेसबद्दल सगळ्या देशांना सावध केलं. तेव्हा 'डबा तर अगदी अस्सल दिसत होता' याला काही अर्थ नाही. डबा छापणं सोपं आहे.

या प्रकारानंतर त्याच अ‍ॅडमिनने काय करावं? तिने मला पैसे परत न देता 'बदली माल' देऊ केला: बाटलीतली पूड, सोबत वेगळं पाणी, स्वतः मिसळायचं आणि इन्सुलिनच्या सिरिंजने ओढायचं. याच्याविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण हा प्रकार सध्या जोरात आहे. पुडीत काय आहे हे कोणी तपासलेलं नसतं, पाणी निर्जंतुक आहे की नाही याचा भरवसा नाही, आणि हिशेब तर जीवघेणा. इन्सुलिनच्या नेहमीच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिलिलिटर. मिश्रण दर मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम असेल तर ०.२५ मिलिग्रॅमसाठी १० च्या रेघेपर्यंत ओढायचं, ५ मिलिग्रॅम असेल तर ५ च्या. पाणी किती घातलं त्यावर सगळं बदलतं. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांत घोळ झाला की डोस पाचपट, दहापट होतो. बाटलीतून स्वतः ओढून घेताना लोकांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट औषध घेतल्याच्या घटना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये नोंदवल्या आहेत, आणि तिथे तर बाटल्या फार्मसीतून आलेल्या होत्या. खऱ्या औषधाचाही डोस असा जास्त गेला, तर उलट्या थांबत नाहीत, आणि ते शरीरातून निघायला आठवडे लागतात.

माल अस्सल असला तरी अशा ग्रुपवर विसंबू नये, त्याचं कारण वेगळं आहे. मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठ याला 'होतं असं' म्हणणं ठीक. पण पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी कळ, ती पाठीपर्यंत जाणारी, सोबत उलट्या, हे स्वादुपिंडाला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंडावर ताण येतो. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच डायबिटीसचा परिणाम असेल, तर साखर एकदम उतरल्यावर तो वाढू शकतो, म्हणून डोळे तपासून घेतात. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल, तर हे औषध देतच नाहीत. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं लागतं, कारण उपाशी असूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. यातलं एक अक्षरही त्या ग्रुपवर कोणी विचारलं नव्हतं. डोळे कसे आहेत, घरात कोणाला काय आहे, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, काहीच नाही. विचारलं होतं ते फक्त वजन, आणि पैसे कसे पाठवणार.

मी ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला. मिनिटभरात मला काढून टाकलं, नंबर ब्लॉक. पण त्याआधी मुलीने सगळ्या गप्पांचे, तक्त्याचे आणि पैसे पाठवल्याच्या पावतीचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते. हे पहिलं काम, भांडायच्या आधीचं. दुसरं, पेन फेकायचं नाही. सुई काढून टाकून, पेन पिशवीत बंद करून, त्यावर 'वापरू नये' असं लिहून ठेवायचं आणि औषध नियंत्रण खात्याकडे द्यायचं. डब्यावरचा बॅच नंबर आणि पेनवरचा बॅच नंबर दोन्ही लिहून घ्या, माझ्या बाबतीत ते वेगवेगळे होते. ज्या कंपनीच्या नावाने माल विकला गेला, तिच्या हेल्पलाइनवर तो नंबर सांगून अशी बॅच काढली होती का, हे विचारता येतं. साखर खाली गेल्याची नोंद डॉक्टरांकडून लेखी घ्या, सी-पेप्टाइडच्या रिपोर्टसकट, नाहीतर पोलिसांकडे 'मॅडम, औषधाचे साइड इफेक्ट असतील' हेच ऐकावं लागतं. मी ऐकलंय. रिपोर्ट समोर ठेवल्यावर तक्रार लिहून घेतली गेली. पैसे अजून परत आलेले नाहीत, आणि तोच तक्ता, तोच शिक्का घेऊन दुसऱ्या नावाचा ग्रुप चालू असल्याचं एका ओळखीच्या बाईंनी कळवलं. त्यांच्याकडचं पेन अजून फोडलेलं नव्हतं. त्याची चकतीही २, ४, ६ अशीच चढत होती.